जपानी शिका, पण मराठीतून

चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यातल्या कारखान्यांत फिरलात तर भिंतीवर एक फलक हमखास दिसतो: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याच्या 'फाइव्ह एस' पद्धतीचे हे पाच शब्द. त्यांच्या जोडीला कायझेन (सतत सुधारणा), कानबान (गरजेपुरता माल मागवणारं कार्ड), गेम्बा (प्रत्यक्ष कामाची जागा), पोका योके (चूक होऊच न देणारी युक्ती) असतातच. लाइनवर काम करणारी माणसं हे शब्द दिवसभर वापरतात आणि त्यांचे अर्थ नेमके जाणतात. तरीही जपानहून ग्राहकाची टीम ऑडिटला आली की खोलीतल्या सगळ्यांचे डोळे दुभाषाकडे लागतात.

अशाच एखाद्या ऑडिटनंतर पस्तिशी-चाळिशीतला क्वालिटीचा, परचेसचा किंवा आयटीतला माणूस ठरवतो, की आता आपणच जपानी शिकायचं. लगेच त्याला दोन गोष्टी ऐकवल्या जातात. पहिली, या वयात नवी भाषा येत नाही. दुसरी, जपानी ही जगातल्या सगळ्यात अवघड भाषांपैकी एक आहे. दोन्हींत थोडं तथ्य आहे, पण ती ज्या पद्धतीने सांगितली जातात त्यामुळे चांगली माणसं सुरुवातीलाच बिचकतात. म्हणून मराठी बोलणाऱ्या, नोकरी-धंदा करणाऱ्या माणसाला जपानी नेमकी कुठे सोपी जाते, कुठे अडते, आणि हाताशी असलेला थोडा वेळ कुठे घालवावा, हे इथे उलगडून सांगतो. माझं ठाम मत असं, की आपली निम्मी अडचण जपानीची नसते. ती जपानी इंग्रजीतून शिकल्यामुळे ओढवलेली असते.

वयाचा प्रश्न

१९७८ साली कॅथरीन स्नो आणि मरियान हूफनागेल-होले या दोन संशोधिकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. नेदरलँड्समध्ये राहायला आलेली इंग्रजी बोलणारी माणसं डच भाषा कशी शिकतात, हे त्यांनी लहान मुलांपासून प्रौढांपर्यंत वर्षभर तपासलं. पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात वेगाने पुढे गेले ते प्रौढ आणि १२ ते १५ वयाची मुलं. वर्ष संपेपर्यंत ८ ते १५ वयाची मुलं आघाडीवर आली, पण ३ ते ५ वर्षांची पिल्लं मात्र सगळ्या चाचण्यांत शेवटी राहिली.

मोठा माणूस नियम पकडतो, तुलना करतो, अंदाज बांधतो. लहान मुलाचा फायदा वेगळा असतो: त्याच्याकडे पुढची कित्येक वर्षं असतात, खेळगडी असतात, आणि त्याचे उच्चार पुढे जाऊन अस्सल होतात. चाळिशीत शिकणाऱ्याचे उच्चार अस्सल होतीलच असं नाही. पण व्यवसायात त्यावाचून अडत नाही. ग्राहकाला तुमचं बोलणं स्पष्ट कळलं, आकडा बरोबर पोचला आणि मान राखला गेला, की काम झालं. तेव्हा वयाची काळजी सोडा. खरी टंचाई वेळेची असते.

'अवघड' कोणासाठी?

जपानी अवघड म्हणताना बहुतेक वेळा अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेचा आकडा पुढे केला जातो. इंग्रजी मातृभाषा असलेल्या राजनैतिक अधिकाऱ्याला जपानीत कामापुरतं प्रावीण्य मिळवायला वर्गातले सुमारे २२०० तास लागतात, असं ही संस्था मानते. अरबी, चिनी आणि कोरियनही त्याच गटात आहेत. आकडा खरा आहे, पण तो इंग्रजी मातृभाषेच्या माणसाचा आहे. त्याच्यासाठी जपानी वाक्य मुळातच उलटं असतं. आपल्यासाठी ते सुलटं आहे.

'मी उद्या ट्रेनने ओसाकाला जातो.' हे जपानीत 'वाताशि वा आशिता देन्शा दे ओसाका नि इकिमास' असं होतं. शब्द एकेक करून खाली मांडा. मी, उद्या, ट्रेन-ने, ओसाका-ला, जातो. क्रम तोच. क्रियापद शेवटी आणि विभक्तीचं काम करणारा तुकडा नामाच्या मागे. '९ वाजल्यापासून ५ वाजेपर्यंत' हे 'कुजि कारा गोजि मादे': 'कारा' म्हणजे पासून, 'मादे' म्हणजे पर्यंत, आणि दोन्ही आपल्यासारखेच शब्दानंतर येतात. 'काल विकत घेतलेलं पुस्तक' म्हणताना आपण सगळं वर्णन पुस्तकाच्या आधी ठेवतो. जपानीही तसंच म्हणते: 'किनो कात्ता होन'. इंग्रजीतून शिकणारा हे वाक्य आधी मोडतो, मग फिरवतो, मग जोडतो. मराठीतून शिकणाऱ्याला यातलं काहीच करावं लागत नाही.

आता संयुक्त क्रियापदं पाहा, कारण तिथे तर हे साम्य थक्क करणारं आहे. आपण 'खाऊन पाहतो'. जपानी माणूस 'ताबेते मिरु' म्हणतो, आणि 'मिरु' म्हणजे पाहणे. आपण 'लिहून ठेवतो'. तो 'काइते ओकु' म्हणतो, 'ओकु' म्हणजे ठेवणे. 'घेऊन येणे' म्हणजे 'मोत्ते कुरु', 'घेऊन जाणे' म्हणजे 'मोत्ते इकु', 'खाऊन टाकणे' म्हणजे 'ताबेते शिमाउ', 'वाचून देणे' म्हणजे 'योन्दे आगेरु'. कुणाचं बोलणं सांगताना आपण 'येतो म्हणून सांगितलं' म्हणतो, तसंच जपानीत 'कुरु तो इत्ता'. आपल्या 'म्हणून'चं काम तिथे तो चिमुकला 'तो' करतो. इंग्रजी पाठ्यपुस्तकांत या प्रत्येकासाठी अर्धं-अर्धं पान खर्ची पडतं. मराठी माणसाला एका ओळीत कळायला हवं.

पण ते कळत नाही, कारण आपण वर्गात बसलो की डोकं इंग्रजीत चालवायला लागतो. एक नेहमीची चूक सांगतो. 'मला आंबा आवडतो' हे जपानीत 'वाताशि वा मांगो गा सुकि देस'. इथे आंब्याला 'गा' लागतो, म्हणजे वाक्याचा कर्ता आंबा. मराठीतही 'आवडतो' हे आंब्याप्रमाणेच चालतं. कैरी असती तर 'आवडते' झालं असतं. इंग्रजीत मात्र आंबा कर्म होतो. त्यामुळे इंग्रजीतून विचार करणारा विद्यार्थी 'गा'च्या जागी कर्माचा 'ओ' लावतो आणि लाल शाई ओढवून घेतो. तोच विद्यार्थी घरी बोलताना हे व्याकरण बिनचूक वापरत असतो.

काही बाबतींत जपानी मराठीहून सोपी आहे, हेही सांगायला हवं. तिथे नामाला लिंग नाही. क्रियापद माणसागणिक बदलत नाही. मी, तू, तो, त्या, सगळ्यांना 'इकिमास'च. आपली तीन लिंगं आणि 'गेला-गेली-गेलं' शिकताना परभाषकांची जी तारांबळ उडते, तशी जपानीत उडत नाही.

वर्णमाला आणि कान

जपानी अक्षरांची पारंपरिक मांडणी आ, इ, उ, ए, ओ अशी सुरू होते, आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा क्रम ओळखीचा वाटतो, कारण तो आपल्याच वर्णमालेवरून बेतलेला आहे. बौद्ध मंत्र नीट उच्चारता यावेत म्हणून जपानी भिक्षू सिद्धम् ही संस्कृत लिहिण्याची जुनी भारतीय लिपी आणि संस्कृत ध्वनींचा अभ्यास करत. त्या अभ्यासातून ही मांडणी घडली. 'हा' मध्येच कुठून आला असं वाटेल, पण प्राचीन जपानीत त्या जागी 'प' होता. तो बसवलात की कंठापासून ओठांपर्यंतचा आपला क्रम लख्ख दिसतो.

उच्चारांतही मराठीचा खास फायदा आहे, आणि तो हिंदी बोलणाऱ्यालाही नाही. त्सुनामीतला 'त्सु' म्हणायला अनेकांना कष्ट पडतात. मराठीत 'चुना', 'चूल', 'चमचा' यांतला 'च' आपण रोज म्हणतो, तो हाच उच्चार. 'जहाज'मधला 'ज' जपानी 'झा'च्या अगदी जवळ जातो. जोडाक्षरंही आपल्या जिभेवर आहेत, त्यामुळे 'किते' आणि 'कित्ते' यांतला फरक सहज जमतो.

कान तयार करावा लागतो तो ऱ्हस्व-दीर्घासाठी. 'बिरु' म्हणजे इमारत, 'बीरु' म्हणजे बिअर. 'ओबासान' म्हणजे मावशी-काकू, 'ओबाआसान' म्हणजे आजी. मराठी बोलताना आपण लांबीबाबत सैल असतो, अर्थ संदर्भाने कळतो. जपानीत ती सैल ठेवून चालत नाही. तारखांत हे सगळ्यात महागात पडतं: महिन्याची ४ तारीख 'योक्का' आणि ८ तारीख 'योओका'. फोनवर डिलिव्हरीची तारीख ठरवताना या दोनांत गल्लत झाली, तर माल चार दिवस इकडे-तिकडे होतो. १ वाजता म्हणजे 'इचिजि' आणि ७ वाजता म्हणजे 'शिचिजि', हीसुद्धा तशीच जोडी. म्हणून तारीख-वेळ फोनवर ठरली, तरी मेलवर आकड्यांत लिहून घ्यायची, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

आकड्यांत मराठी तारते

धंद्याची भाषा म्हणजे आकडे, आणि इथे बरेच जण इंग्रजी मिलियनच्या वाटेने जाऊन हरवतात. जपानी मोजणी दहा हजारांच्या गठ्ठ्याने चालते. त्या गठ्ठ्याला 'मान' म्हणतात. पुढचा गठ्ठा 'ओकु', म्हणजे दहा हजार 'मान'. ऐकायला विचित्र वाटतं, पण लाख-कोटी डोक्यात ठेवून पाहा. १ लाख म्हणजे १० मान, 'जू-मान'. १० लाख म्हणजे १०० मान, 'ह्याकु-मान'. १ कोटी म्हणजे १००० मान, 'इस्सेन-मान'. १० कोटी म्हणजे 'इचि-ओकु'. एवढी चार वाक्यं पाठ झाली की येनमधला कुठलाही आकडा तुम्ही थेट लाखा-कोटीत ऐकू शकता. मध्ये मिलियन आणायचं कारणच नाही. त्यात आर्थिक वर्षही दोन्हीकडे बहुधा एप्रिल ते मार्च, त्यामुळे आर्थिक 'वर्षअखेर' म्हणताना दोघांच्या मनात बहुतेक वेळा एकच महिना असतो.

खरा डोंगर: कांजी

आता अवघड भागाकडे येतो. जपानी तीन लिप्यांत लिहिली जाते. हिरागाना आणि काताकाना या दोन ध्वनिलिप्या, प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं. नेटाने केल्या तर महिन्याभरात येतात. काताकानात परदेशी शब्द लिहितात, आणि तिथे सावध राहायला हवं, कारण इंग्रजीतून गेलेले काही शब्द अर्थ बदलून बसले आहेत. जपानी ग्राहकाच्या मेलमध्ये 'कुरेमु' दिसला, तर तो क्लेम म्हणजे तक्रार. कुणी 'साबिसु' म्हणालं, तर बहुधा फुकट दिलेली वस्तू.

तिसरी लिपी कांजी, चीनहून आलेली चिन्हं. सर्वसाधारण वापराच्या सरकारी यादीत २१३६ कांजी आहेत. जपानी मुलं प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत त्यांतली १०२६ शिकतात. इथे मराठीचा काही आधार मिळत नाही, मेहनत करावीच लागते. पण ही मेहनत आंधळी करू नका.

पहिली गोष्ट म्हणजे ओळखणं आणि हाताने लिहिणं ही दोन वेगळी कामं आहेत. आज मेल आणि अहवाल संगणकावर लिहिले जातात. तुम्ही उच्चार टाइप करता आणि पडदा योग्य कांजी सुचवतो. तुम्हाला ती ओळखता आली पाहिजे. म्हणून नोकरी करणाऱ्याने वेळ वाचनावर घालावा. हाताने लिहिण्याचा सराव सुरुवातीच्या शे-दीडशे चिन्हांपुरता पुरे, तोही रेषांची रचना डोळ्यांत बसावी म्हणून.

दुसरी गोष्ट, कांजी एकेकटी पाठ करू नका, कुटुंबाने शिका. मराठीतल्या तत्सम शब्दांशी त्यांची ठेवण मिळतीजुळती आहे. आपल्याला 'पुनः' माहीत असेल तर पुनर्तपासणी, पुनर्विचार, पुनरावृत्ती हे शब्द न शिकवता कळतात. जपानीत त्या जागी 'साइ' आहे: 'केन्सा' म्हणजे तपासणी, 'साइकेन्सा' म्हणजे पुनर्तपासणी. 'साइहात्सु' म्हणजे तोच दोष पुन्हा उद्भवणे, आणि 'साइहात्सु बोशि' म्हणजे तो पुन्हा होऊ नये म्हणून केलेली तजवीज. क्वालिटीतल्या माणसाला हा शब्द जपानी ग्राहकाच्या प्रत्येक तक्रार-फॉर्मवर भेटतो. 'हिन' म्हणजे वस्तू: 'सेइहिन' तयार माल, 'बुहिन' सुटा भाग, 'हिन्शित्सु' गुणवत्ता, 'फुर्योहिन' सदोष नग. 'चो' म्हणजे प्रमुख: 'शाचो' कंपनीचा, 'बुचो' विभागाचा, 'काचो' उपविभागाचा, 'कोजोचो' कारखान्याचा. अशी पन्नासेक कुटुंबं पक्की झाली की ऑफिसातला कागद ओळखीचा दिसू लागतो.

तिसरी गोष्ट, सुरुवात स्वतःच्या टेबलावरच्या कागदापासून करा. ड्रॉइंग पाहणाऱ्याला 'झुमेन' (ड्रॉइंग), 'सुन्पो' (माप) आणि 'कोसा' (टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक) आधी हवेत. परचेसवाल्याला 'मित्सुमोरि' (कोटेशन) आणि 'नोकि' (माल देण्याची मुदत). पाठ्यपुस्तकातले प्राणिसंग्रहालय आणि वाढदिवस थोडे थांबले तरी चालेल. पुस्तक सोडा असं मी म्हणत नाही, त्यातलं व्याकरण क्रमानेच करायला हवं. शब्द मात्र आपल्या कामातून उचला, कारण ते दुसऱ्या दिवशी पुन्हा समोर येतात.

आणि पुन्हा समोर येण्यालाच महत्त्व आहे. १८८५ साली हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून दाखवलं, की पाठ केलेलं पहिल्या काही तासांत झपाट्याने पुसलं जातं आणि मग पुसण्याचा वेग मंदावतो. त्याचा वापर सरळ आहे. आज शिकलेला शब्द उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग पंधरवड्याने पाहायचा. रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोज लोकलमध्ये किंवा कंपनीच्या बसमध्ये वीस मिनिटं बसणं कांजीसाठी कितीतरी जास्त फळ देतं.

मान, आणि मानाचं व्याकरण

व्यवसायाच्या जपानीत सगळ्यात जास्त भीती 'केइगो'ची, म्हणजे आदरार्थी भाषेची असते. आपल्याकडे तू-तुम्ही-आपण आहे, त्यामुळे कल्पना नवी नाही. नवीन गोष्ट अशी, की जपानीत समोरच्याला वर उचलणारी क्रियापदं वेगळी आणि स्वतःला खाली ठेवणारी वेगळी. पाहणे म्हणजे 'मिरु'. पण तुम्ही पाहता तेव्हा 'गोरान नि नारु', आणि मी तुमचं काही पाहतो तेव्हा 'हाइकेन सुरु'. जाणे-येणे तुमचं असेल तर 'इराश्शारु', माझं असेल तर 'माइरु'. बोलणे तुमचं 'ओश्शारु', माझं 'मोसु'.

हे निव्वळ शिष्टाचाराचं ओझं समजून लोक पाठ करतात आणि कंटाळतात. त्यातलं खरं काम ध्यानात आलं तर कंटाळा येत नाही. जपानी वाक्यात कर्ता बहुतेक वेळा गाळलेला असतो, आणि क्रियापदावर पुरुष दिसत नाही. मग कोणी केलं हे कळायचं कसं? 'झुमेन ओ हाइकेन शिमाशिता' एवढंच लिहिलंय. 'हाइकेन' नम्र आहे, म्हणजे लिहिणाऱ्याने तुमचं ड्रॉइंग पाहिलं. 'गोरान नि नारिमाशिता का' असतं तर प्रश्न तुम्हाला, तुम्ही पाहिलंत का. मराठीत 'पाहिलंस' आणि 'पाहिलंत' यांच्या शेवटच्या अक्षरातच सगळं कळतं. 'तुम्ही' म्हणावंही लागत नाही. आपला प्रत्यय जे करतो, ते जपानीत केइगो करतं. म्हणूनच भाषांतर करणारी यंत्रं जपानी मेलमध्ये कधीकधी कर्ता चुकवतात आणि 'आम्ही तपासून कळवतो'चं 'तुम्ही तपासून कळवा' होऊ शकतं. यंत्र जरूर वापरा, वेळ वाचतो. पण मेलमध्ये काम कुणाच्या गळ्यात आहे, हे क्रियापद पाहून स्वतः ठरवा.

एका ठिकाणी मात्र मराठी वळण नेमकं आड येतं. समजा तुमचे वरिष्ठ देशपांडे साहेब आहेत, आणि ग्राहकाचा फोन आला. आपण सहज म्हणू, 'साहेब जागेवर नाहीत, आले की सांगतो.' आपल्या संस्कारात वरिष्ठाचा मान कुणासमोरही राखायचा असतो. जपानीत बाहेरच्या माणसाशी बोलताना आपली सगळी कंपनी, मालकासकट, 'आपल्या घरची' होते आणि घरच्यांबद्दल नम्रपणेच बोलायचं असतं. म्हणून 'देशपांडे-सान' नाही, नुसतं 'देशपांडे': 'देशपांडे वा तादाइमा सेकि ओ हाझुशिते ओरिमास.' मराठी माणसाला हे म्हणताना जीभ अडखळते, साहेबांचा अपमान झाल्यासारखं वाटतं. ग्राहकाच्या कानाला मात्र यातूनच त्याचा मान पोचतो. स्वतःच्या नावामागे 'सान' कधीच लावायचं नाही, हेही यातलंच.

केइगो सुरुवातीला तयार वाक्यांतूनच शिकावी. ग्राहकाला मेल 'इत्सुमो ओसेवा नि नात्ते ओरिमास' ने सुरू होते आणि 'योरोशिकु ओनेगाइ इताशिमास' ने संपते. सहकाऱ्याला निघताना 'ओत्सुकारेसामा देस'. चूक झाली तर 'मोशिवाके गोझाइमासेन'. अशी वीस-पंचवीस वाक्यं तोंडात बसली की पहिलं वर्ष निभावतं. नियम नंतर आपोआप जुळून येतात.

'बघू' ओळखायला शिका

बैठकीत जपानी माणूस सतत 'हाइ, हाइ' म्हणतो. त्याचा अर्थ 'मान्य' असा धरू नका. ते आपलं 'हं, हं' आहे: ऐकतोय, बोला. तो 'केन्तो शिमास' म्हणजे 'विचार करतो' म्हणाला, किंवा श्वास आत ओढून 'मुझुकाशिइ देस ने', म्हणजे 'अवघड आहे' म्हणाला, तर बरेचदा उत्तर नकारार्थी असतं. आपण मराठी माणसं हे ओळखायला कमी पडायला नको. 'बघू या, सांगतो तुम्हाला' याचा अर्थ आपल्याकडे न सांगता कळतो. तोच कान जपानीत वापरायचा. इंग्रजीत बोलायला लागलो की हा कान आपण बंद ठेवतो, आणि 'ते विचार करताहेत' असा अहवाल वर पाठवून मोकळे होतो.

कामाच्या रोजच्या वहिवाटीतही एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. 'होरेन्सो', म्हणजे 'होकोकु' (अहवाल देणे), 'रेनराकु' (कळवणे) आणि 'सोदान' (सल्ला घेणे). जपानी कंपनीत काम पूर्ण झाल्यावर कळवलेलं पुरत नाही. अर्ध्यात असताना, अडल्यावर, उशीर होणार असं दिसताच कळवायचं असतं. भाषा जेमतेम येणारा पण वेळेवर कळवणारा माणूस तिथे विश्वास कमावतो, म्हणून मी विद्यार्थ्यांना पहिल्या सहा महिन्यांतच 'उशीर होईल', 'तपासतोय', 'उद्यापर्यंत कळवतो' ही वाक्यं लिहायला लावतो.

परीक्षा: तिचा उपयोग आणि तिची मर्यादा

जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेच्या प्रावीण्याची परीक्षा, जुलै आणि डिसेंबरमध्ये होते; पुणे आणि मुंबई ही तिची केंद्रं आहेत. एन-५ सगळ्यात सोपी, एन-१ सगळ्यात अवघड. १९८४ साली सुरू झाली तेव्हा चारच पातळ्या होत्या. वरून दुसऱ्या आणि तिसऱ्या पातळीत फार मोठी दरी होती, म्हणून २०१० साली मध्ये एन-३ आली. जुन्या परीक्षेच्या मार्गदर्शनात तळाच्या पातळीला सुमारे १५० तासांचा अभ्यास धरला जाई, त्यावरच्यांना ३००, ६०० आणि ९००. रोज एक तास देणाऱ्याला यावरून वर्षाचा अंदाज बांधता येतो. प्रत्यक्षात, नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला याहून जास्त लागतात, हे मनाशी धरून चाला.

ही परीक्षा द्यावी. तारीख ठरली की अभ्यास होतो, आणि नोकरीच्या जाहिरातीत एन-३, एन-२ असंच लिहिलेलं असतं. पण तिच्यात बोलण्याची चाचणी नाही, लिहिण्याचीही नाही. शब्द, व्याकरण, वाचन, ऐकणं, सगळं पर्याय निवडून. त्यामुळे एन-२ उत्तीर्ण होऊनही फोन उचलायला घाबरणारी माणसं असतात, आणि एन-४ वर राहूनही लाइनवर जपानी तज्ज्ञाशी धडाधड बोलणारा सुपरवायझर असतो. कंपन्यांनी भरती करताना हे लक्षात घेतलं तर दोघांवरचा अन्याय टळेल. व्यवसायाच्या भाषेसाठी बीजेटी नावाची वेगळी परीक्षा आहे. तिच्यात पास-नापास नाही, ० ते ८०० गुण मिळतात. मेल, तक्ते, बैठकीतले संवाद यांवर ती बेतलेली आहे. एन-३ नंतर ऑफिसात जपानी वापरणाऱ्याने तिच्या नमुना प्रश्नांवर नजर टाकावी.

बोलण्याची उणीव भरून काढायचा एकच मार्ग आहे, आणि तो म्हणजे बोलणं. आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, कुणाशी तरी. दुसरा माणूस तुमच्याच पातळीचा असला तरी चालेल. विषय मात्र कामाचा घ्या: आज काय अडलं, का अडलं, उद्या काय करणार. एकटे असाल तर ऑफिसातून घरी येताना हीच तीन उत्तरं जपानीत मोठ्याने म्हणा.

शिक्षक निवडताना

पुण्यात जपानी शिकायची सोय जुनी आहे. फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, खाजगी वर्ग तर गल्लोगल्ली आहेत, आणि ऑनलाइन शिकवणाऱ्यांमुळे नाशिक-कोल्हापुरात बसूनही शिकता येतं. शिक्षक जपानीच हवा असा हट्ट पहिल्या वर्षात धरू नका. स्वतः मराठीतून विचार करत जपानी शिकलेला शिक्षक 'गा' आणि 'वा'चा फरक सांगताना म्हणेल, की 'वाताशि गा इकिमास' हे 'मीच जातो'च्या जवळ आहे आणि 'वाताशि वा' हे 'मी म्हणाल तर'च्या. शंभर टक्के प्रसंगांना हे लागू पडत नाही, पण दारातून आत जायला पुरेसं आहे. पुढे, एन-३ च्या आसपास, जपानी माणसाबरोबर बोलायची तासिका जरूर घ्या, कारण तेव्हा कान आणि मानाचं वळण त्यांच्याकडूनच मिळतं.

वर्गात प्रवेश घेण्याआधी एक डेमो तास बसून पाहा आणि शिक्षकाला तुमच्या कामाचा एखादा खरा कागद दाखवा, ग्राहकाची गुपितं झाकून. तो कागद बघून शिक्षक 'हे नंतर' म्हणाला, तर दुसरा वर्ग शोधा. त्याने त्यातली दोन चिन्हं तिथल्या तिथे उलगडून दाखवली, तर फी भरायला हरकत नाही.